मागे घेणे

पूल बंद आहे, अशी पाटी
पुलापाशीच लावली होती,
वीस मैल अलीकडे नाही.
दोन्हीकडे काटेरी तार, मध्ये खडीचा रस्ता,
आणि त्यावर आम्ही :
छत्तीस फुटांचं चालतं घर,
त्याच्या शेपटीला दांड्यांनी जोडलेली छोटी निळी मोटार,
चारही चाकं जमिनीवर,
आत कोणी नाही, स्टिअरिंग मोकळं.

पुढे जाताना गुणी असते ती.
डकोटापासून मोंटानाच्या या पिवळ्या टेकड्यांपर्यंत
एकदाही कुरकुरली नाही.
पण मागे ढकलायला जावं, तर तिची पुढची चाकं
हवी तिकडे वळतात,
म्हणजे त्यांना हवी तिकडे,
आणि दांड्यांचा जीव जातो.

घेतली त्याच दिवशी डेलमरने
डॅशबोर्डवर चिकटपट्टी लावली होती :
मागे घ्यायची नाही.
तेव्हा त्याचं अक्षर सरळ होतं.
गेले अकरा महिने त्याच्या नजरेच्या मधोमध
राखाडी डाग बसलाय.
कुंपण दिसतं, आभाळ दिसतं,
मी समोर उभी राहिले की मी नाही दिसत.
म्हणून चाक माझ्याकडे.

सकाळी पेट्रोल भरल्यावर
तो म्हणाला डावीकडे, फोन म्हणाला उजवीकडे.
मी म्हणाले,
निदान फोनला दिसतं तरी.

त्यानंतर चाळीस मैल
फक्त कपाटातल्या बश्या बोलत होत्या.

पूल पाहून मी ब्रेक दाबला. काय झालं, म्हणाला. सांगितलं.
त्याने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.
मी रिव्हर्स टाकला,
पट्टीकडे बघत, मुद्दाम.
फूटभर. असेल दीड फूट.
कॅमेऱ्यात निळं नाक सावकाश तिरकं झालं
आणि तो ओरडला, थांब!
दिसलं काहीच नव्हतं त्याला.
ऐकलं होतं :
चाक फिरत नाहीये, फरफटतंय.

उतरला. घराच्या कुशीवर तळवा टेकत टेकत मागे गेला.
विजेची तार मी काढली,
साखळ्या त्याने बोटांनी शोधल्या.
पण खिळा निघेना, दांड्याला पीळ पडलेला.
तू मोटारीत बस, म्हणाला,
स्टिअरिंग हळूच डावीकडे. अजून. जरासं अजून.
हात खिळ्यावर, मान तिरपी, कान जमिनीकडे.
वाऱ्याने त्याची टोपी नेली, त्याने जाऊ दिली.
खट्.
खिळा मुठीत आला, किडकी दाढ यावी तसा.

मोटार मी मागेपुढे करत वळवली,
एका फाटकापाशी नेऊन ठेवली,
चालत परत निघाले. पाव मैल असेल.
वाटेत सकाळचं वाक्य जिभेवर घेऊन पाहिलं,
कुठून मागे घेता येईल ते.
अख्खं येत नव्हतं.
टोपी मात्र तारेत अडकलेली सापडली.

आता घराची पाळी.
मागे उभं कोण राहणार, मी विचारलं,
आणि विचारता विचारताच ओशाळले.
मी, तो म्हणाला.
कडा दिसतात मला. इथे कडांशिवाय आहे काय?

हातात त्याने भट्टीचा लाल हातमोजा घातला,
बिस्किटांच्या पिठाचा डाग असलेला,
आणि रस्त्याच्या काठाने, तारेला धरून,
उलटा चालू लागला.
आरशात दिसतोय का मी?
दिसतोस.
मला तू नाही दिसत, आर्डिस. ये.

पाव मैलाला पाऊण तास लागला.
एकदा एक गाय येऊन बघून गेली.
लाल हात वर, लाल हात डावीकडे, थांब, ये,
आणि मी त्या चिकटपट्टीखालून
इंच इंच मागे.

फाटकापाशी तो धापा टाकत आत चढला.
मी फोन पालथा ठेवला.
कुठे जायचं, विचारलं.
डावीकडे, म्हणाला लगेच.
डावीकडे नुसतं कुरण होतं, तीन गाई, पाण्याचं टाकं.
बरं, मी म्हणाले,
आधी जोडून तर घेऊ.